प्रमाणपत्रातला दीर्घ बू

पडताळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. परीक्षा मंडळाच्या पडताळणी विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, लोकांचे दाखले आणि गुणपत्रकं उजेडात धरून धरून त्यांची मान कायमची थोडी वर झाली, आणि खऱ्या आडनावाची चौकशी करणं लोकांनी सोडून दिलं. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी हात शिवशिवत असत. विजेचं बिल आलं की ते आधी खिडकीशी नेऊन कागद तपासत आणि मगच आकडा बघत. लग्नपत्रिका आली तर कोपरा बोटांत चोळून म्हणत, "अस्सल आहे." जणू कोणीतरी त्यांना खोट्या लग्नाला बोलावण्याचा कट रचला होता.

अशा माणसाच्या घरात एका मंगळवारी सकाळी खोटा कागद आपल्या पायांनी चालत आला. म्हणजे पाय त्यांच्या बायकोचे होते.

बायको गावच्या तरणतलावावर मोठ्यांच्या सकाळच्या तुकडीला पोहायला शिकवत असे. तिथे सगळे तिला बाई म्हणत. तलावाच्या मधोमध एक दोर बांधलेला होता. अलीकडे उथळ, पलीकडे खोल. पंचवीस मीटर न थांबता पोहून दाखवलं की बाई प्रमाणपत्र देत, आणि ते दाखवल्याशिवाय दोरापाशी बसलेला गार्ड कोणालाही पलीकडे सोडत नसे. व्यवस्था साधी होती आणि अकरा वर्षं सुरळीत चालली होती.

"कपडे बदलायच्या खोलीत बाकाखाली सापडलं," ओले केस टॉवेलात गुंडाळत बाई म्हणाल्या. "नावाची जागा कोरी. खाली माझी सही. आणि मी कोऱ्या कागदावर सही करत नाही."

"म्हणजे बनावट!" पडताळे ओरडले. पहिला मुलगा झाल्याची बातमी सांगतानाही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता.

"अहो, हसताय काय? हा कागद दाखवून उद्या कोणी खोल पाण्यात उतरलं आणि गटांगळ्या खायला लागलं तर?"

"हसतंय कोण?" असं म्हणून पडताळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि तिकडे मनसोक्त हसून घेतलं.

मग भिंग निघालं. वीस मिनिटं पडताळे सहीवर आणि शिक्क्यावर वाकले होते. चहा निवला. शेवटी त्यांनी पाठ सरळ केली आणि मंडळात चौकशी समितीपुढे बोलत त्या आवाजात निष्कर्ष सांगितला. "हे एका माणसाचं काम नाही. टोळी आहे. किमान तिघं. आणि यंत्र बाहेरून आणलेलं दिसतंय."

"पोहायच्या प्रमाणपत्रासाठी?"

"इथूनच सुरुवात करतात."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. जुनी त्रेचाळीस प्रमाणपत्रं परत मागवायची आणि कोणाच्या बापाला नक्कल करता येणार नाही अशी नवी द्यायची, असं पडताळ्यांनी ठरवलं. बाईंनी एवढंच सुचवलं की पास झालेल्यांची एक यादी करून गार्डला द्यावी. त्यावर पडताळ्यांनी जो चेहरा केला, तसा चेहरा एखाद्या शल्यविशारदाला "चिकटपट्टी लावून बघा ना" म्हटल्यावर होत असावा.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर दुसऱ्याच दिवशी खाली आले आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "कागदात धागा हवा. चांदीचा. नोटेसारखा." पडताळ्यांनी चौकशी केली. तसला कागद मिळत होता, पण एका वेळी निदान एक ट्रक घ्यावा लागत होता. तेवढ्या कागदाला पुरण्यासाठी गावातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या मुलांसकट, दोनशे वेळा पोहण्यात पास करावं लागलं असतं. समोरच्या औषधवाल्यांचा सल्ला होता की चकाकणारी पट्टी लावा, त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर असते तशी. पाच पट्ट्या त्यांनी आणूनही दिल्या. त्यांच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "जेवणानंतर घ्यावे."

"लोक सल्ले देतात," पडताळे बाईंना म्हणाले, "कारण त्यांना शास्त्र माहीत नसतं." आणि ते स्वतः कामाला बसले.

आठ दिवस ते जेवायच्या टेबलावरून उठले नाहीत. जेवणं स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्याने झाली. नव्या प्रमाणपत्रात त्यांनी चार कडक बंदोबस्त केले. पहिला, मागे लाटांसारख्या बारीक रेघांची जाळी. झेरॉक्स काढली की त्या जाळीतून "नक्कल" हा शब्द ठसठशीत उमटणार. दुसरा, नावासाठी अशी शाई की कोणी पाण्याने नाव पुसून दुसरं घालू गेलं, तर कागदातून लालभडक "रद्द" वर येईल. तिसरा, बाईंच्या सहीखालची रेघ ही रेघच नव्हती. ती मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची ओळ होती: "ही व्यक्ती बुडत नाही ही व्यक्ती बुडत नाही", असं सलग चाळीस वेळा. आणि चौथा बंदोबस्त म्हणजे पडताळ्यांच्या बत्तीस वर्षांच्या तपश्चर्येचं फळ. त्या चाळीसांपैकी एकोणतिसाव्या ठिकाणी "बूडत" असा दीर्घ बू घातलेला होता. मुद्दाम. खोटं करणारा माणूस नेमका तिथे शुद्ध लिहिणार आणि सापडणार!

हे चारही बंदोबस्त त्यांनी कोणालाही सांगितले नाहीत. बायकोलाही नाही. "गुपित दोघांना कळलं की त्याची जाहिरात होते," असं त्यांचं मत होतं. छापखानेवाल्याने शाई दाखवताना सहज विचारलं, "साहेब, हे वापरणार कुठे?" तर पडताळे दाराकडे बघून हळूच म्हणाले, "गोपनीय." तिथेच खरं उत्तर दिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

छापखान्यात प्रूफं तपासायला एक गुरुजी बसत. शाळेतून निवृत्त झालेले, पण शुद्धलेखनातून नाही. चार दिवसांनी पडताळे छापलेला गठ्ठा न्यायला गेले. भिंग काढून त्यांनी एकोणतिसावं ठिकाण बघितलं, आणि पुन्हा बघितलं. बू ऱ्हस्व होता.

"सापडला ना?" गुरुजी आनंदाने म्हणाले. "अहो, दोन भिंगं एकावर एक धरली तेव्हा दिसला. कोणत्या गाढवाने मजकूर लिहिला होता हो? त्याला पुन्हा चौथीत बसवा."

 पडताळे त्या गाढवाची बाजू घेत म्हणाले, "ती चूक मुद्दाम होती."

"चूक मुद्दाम नसते. मुद्दाम असतं ते पाप."

"गुरुजी, तो सुरक्षेचा भाग आहे. तुम्ही दीर्घ बू परत घाला."

"माझ्या हातून?" गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक्केचाळीस वर्षांत माझ्या हातून असा बू गेलेला नाही. 'बुडणे' ऱ्हस्व. बुडालो तरी ऱ्हस्वच बुडेन."

पाऊण तास वाद चालला. छापखानेवाला मधे पडायला आला आणि दोघांनी मिळून त्याला हाकलून दिलं. शेवटी तोड निघाली ती अशी, की पडताळ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं: "मला शुद्धलेखन येत नाही, म्हणून हा बू दीर्घ ठेवावा." पहिली चार वाक्यं गुरुजींनी नामंजूर केल्यावर हे पाचवं होतं. पडताळ्यांनी सही केली. गुरुजींनी तो कागद उजेडात धरून बघितला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

पुढची पायरी तलावाच्या कार्यालयाची. नवा नमुना मंजूर व्हायला हवा होता. तिथल्या क्लार्कबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "अर्जाला प्रमाणपत्राची एक झेरॉक्स जोडा."

पडताळे जोडायला गेले आणि परत आले. क्लार्कबाईंनी झेरॉक्स बघितली.

"यावर तर 'नक्कल' लिहिलंय."

"झेरॉक्स ही नक्कलच असते ना!"

"हो, पण आमच्या फायलीत नक्कल चालत नाही. खऱ्याची झेरॉक्स आणा."

"ही खऱ्याचीच आहे. खऱ्याची झेरॉक्स काढली की खोट्यासारखी दिसते, हीच तर त्याच्या खरेपणाची खूण."

क्लार्कबाईंनी थोडा विचार केला. "मग तुम्ही खोट्याची झेरॉक्स काढा. ती खऱ्यासारखी दिसेल. ती चालेल."

पडताळ्यांनी बत्तीस वर्षं अशाच टेबलामागे बसून लोकांना परत पाठवलं होतं. टेबलाची दुसरी बाजू त्यांनी प्रथमच पाहिली, आणि ती त्यांना फार उंच वाटली. शेवटी "झेरॉक्स न निघण्याबाबत" असा वेगळा अर्ज, त्यावर तलावाच्या व्यवस्थापकांचा शेरा, आणि शेरा वाचता येत नसल्याबद्दल त्यांचाच खुलासा, एवढं होऊन बाराव्या दिवशी मंजुरी आली.

तोवर प्रमाणपत्रं घरून वाटून झाली होती. तुकडीतले सगळे येऊन गेले. बेकरीवाल्या काकू, दातांच्या डॉक्टर, दोघं शिक्षक नवरा-बायको. जो तो कागदाकडे बघून म्हणे, "अरे वा, हे तर पदवीसारखं!" बेकरीवाल्या काकूंबरोबर पाटीवाल्या ताईही आल्या होत्या. चौसष्ट वर्षांच्या, शिडशिडीत. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांना मात्र प्रमाणपत्र नव्हतं. सहा वेळा परीक्षा दिली आणि सहाही वेळा मध्यावर त्यांचे पाय थांबले. त्या नुसत्या मैत्रिणीचं प्रमाणपत्र बघत बसल्या. खूप वेळ बघत बसल्या. मग काकूंना म्हणाल्या, "दोन दिवस नेऊ का ग? परत देते." पडताळ्यांना फार बरं वाटलं. कामाची कदर असणारी माणसं आता कुठे दिसतात!

सोमवारी नवी पद्धत सुरू झाली. पडताळे इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात भिंग ठेवून, गार्डच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

तलावाचा एक नियम होता. पाण्यात उतरायच्या आधी शॉवरखाली अंघोळ करायची. नियम भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेला होता आणि पडताळ्यांच्या डोक्यावर बरोबर दीड फुटावर होता.

पहिल्या बेकरीवाल्या काकू आल्या. नखशिखांत निथळत त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. गार्डने आपल्या ओल्या हाताने घेतलं. काकूंचं नाव आधी थरथरलं, मग निळं होऊन उजवीकडे वाहून गेलं, आणि कागदाच्या पोटातून लालभडक "रद्द" वर आलं.

"काका, पकडलं!" गार्ड उडी मारून उठला. "पहिलंच बनावट!"

पडताळे कागदावर वाकले. तोवर दातांच्या डॉक्टर आल्या. रद्द. शिक्षक नवरा रद्द. शिक्षक बायको रद्द. तिने मात्र "मी आधीच सांगितलं होतं" असा नवऱ्याकडे कटाक्ष टाकला, का ते कळलं नाही. दहा मिनिटांत दोराशी अकरा जण उभे होते, थंडीने कुडकुडत आणि संतापाने गरम होत.

"अकरा!" गार्डला धन्य वाटत होतं. "काका, तुमचा अंदाज तिघांचा होता. टोळी मोठी आहे."

"दीड वर्ष हातपाय मारले मी," डॉक्टर गरजल्या, "ते हे असं रद्द व्हायला? काका, खुर्चीतून उठा आणि उत्तर द्या!"

पडताळे उठले. बसून राहण्यात जास्त धोका दिसत होता. बत्तीस वर्षांत मंडळाच्या दप्तरखान्यात पाणी आलं ते फक्त पेल्यातून. तलावावर ते इतकं असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि समोरून बाई येत होत्या. बाईंनी एक प्रमाणपत्र उचललं, लाल अक्षरं वाचली आणि नवऱ्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. संसारात याहून भयंकर प्रसंग नसतो.

"एक मात्र अस्सल निघालं हं!" गार्ड मोठ्या मनाने म्हणाला. "हे बघा. पाण्याचा थेंब टिकत नाही, निथळून जातो. या गेल्यासुद्धा पलीकडे."

बुडत्या पडताळ्यांनी तो कागद झडप घालून घेतला. भिंग काढलं. लाटांची जाळी होती. सहीखालची ओळ होती. बोटाने त्यांनी मोजत मोजत एकोणतिसावं ठिकाण गाठलं. दीर्घ बू! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. एक तरी, त्रेचाळीसांत एक तरी खरं उतरलं होतं.

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे ओलं झालं होतं. ओलं होऊन हे रद्द झालं नव्हतं. म्हणजे हे...

त्यांनी भिंग पुन्हा लावलं. "प्रमाणपत्र" या शब्दाच्या कान्यात एक केस अडकला होता. कुंचल्याचा केस. हा कागद छापलेलाच नव्हता. मुंगीच्या पायाएवढी चाळीस वाक्यं कोणीतरी हाताने काढली होती, पाट्यांच्या पक्क्या रंगात.

"खोटं!" पडताळ्यांनी बोंब ठोकली. "खोटं आहे! पाटीवाल्या ताई! अहो, त्या बुडतील!"

सगळ्यांनी एकदम पाण्याकडे बघितलं. खोल बाजूला, अगदी मधोमध, एक पांढरी टोपी हळूहळू पुढे सरकत होती.

बाईंनी सूर मारला. चार हातांत त्या ताईंपाशी पोचल्या. काठावर गार्डने पाण्यात फेकायचं चाक उचलून घट्ट छातीशी धरलं होतं, फेकायचं राहूनच गेलं. बाईंनी हात पुढे केला, आणि मग तो मागे घेतला. त्या नुसत्या शेजारून पोहत राहिल्या. "छान," त्या म्हणत होत्या, "असंच. घाई नाही. श्वास घ्या. असंच." पांढरी टोपी थांबली नाही. एक हात, दुसरा हात, एक हात, दुसरा हात, आणि ताईंची बोटं पलीकडच्या भिंतीला लागली.

आता रद्द झालेल्या अकराही जणांनी जो गलका केला, तो ऐकून क्लार्कबाई कार्यालयातून बाहेर आल्या. त्यांना यापूर्वी कधीही बाहेर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

ताई काठावर बसल्या तेव्हा त्यांचे दात वाजत होते आणि त्या कोणाच्याही नजरेला नजर देत नव्हत्या.

"सहा वेळा मधेच थांबलात, आज कशा गेलात?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही शिट्टी वाजवता ना परीक्षेला, ती ऐकली की शाळा आठवते मला. पाय लाकडाचे होतात. आज शिट्टी नव्हती." मग त्या खाली बघून म्हणाल्या, "चुकलंच माझं. पहिला कागद काढला, पण त्यावर नाव घालायचा धीर झाला नाही. हरवला तेव्हा सुटले असं वाटलं. पण काकांचं नवीन प्रमाणपत्र बघितलं आणि हाताला राहवेना. काय काम होतं ते! आणि तो दीर्घ बू..."

"तुम्हाला दिसला?" पडताळ्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"पाटी रंगवणाऱ्याला चुकीचं अक्षर आधी दिसतं. पहिल्यांदा वाटलं सुधारावं. मग म्हटलं, इतकं नेटकं काम करणारा माणूस इथेच कसा चुकेल? काहीतरी मनात धरूनच ठेवलं असणार."

पडताळे तिथल्या ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या कपड्यांसकट, ताईंच्या शेजारी बसले. बत्तीस वर्षांत त्यांनी हजारो बनावट कागद पकडले होते. पण त्यांचं काम इतक्या मनापासून वाचणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

बाईंनी ताईंना सगळ्यांदेखत चांगलं फैलावर घेतलं. पाण्याशी खोटं बोलायचं नसतं, एवढं एकच वाक्य, पण तीनदा. दुसऱ्या दिवशी रीतसर परीक्षा घेतली. शिट्टीऐवजी "निघा" म्हटलं. ताई पास झाल्या. गार्डच्या हातात बाईंनी पास झालेल्यांची एक यादी दिली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, आणि दोराचा प्रश्न कायमचा मिटला. तरीही प्रमाणपत्रं बंद झाली नाहीत. आता ती ताई हाताने रंगवतात, एकेक करून, पक्क्या रंगात, प्रत्येकावर निराळ्या लाटा. त्यांची नक्कल कोणाला जमत नाही, कारण तसा हात दुसऱ्या कोणाकडे नाही. डॉक्टरांनी आपलं दवाखान्यात लावलंय, त्यांच्या पदवीच्या वर.

पडताळ्यांनाही एक हवं होतं. त्यांनी ताईंना गळ घातली. ताई म्हणाल्या, "मी लगेच काढते, पण नाव बाईंना विचारून घालते." बाईंनी तवा गॅसवरून न उतरवता उत्तर दिलं, "पंचवीस मीटर."

जन्मात गुडघ्याच्या वर पाणी न पाहिलेले पडताळे आता रोज सकाळी सात वाजता उथळ बाजूला काठाची दांडी दोन्ही हातांनी धरून उभे असतात. आजूबाजूला अख्खी तुकडी सल्ले देत असते. पाय असे मारा, पोट तसं धरा. ते सगळ्यांचं ऐकून घेतात. वरचे मॅनेजरही परवा मुद्दाम बघायला आले आणि कमरेला धागा बांधा म्हणाले.

"दांडी सोडा," बाई म्हणतात. तलावावर त्या त्यांना "अहो" म्हणत नाहीत; "नवीन विद्यार्थी" म्हणतात.

"सोडतो," पडताळे म्हणतात, आणि काल त्यांनी ती खरंच सोडली. एक हात. चार सेकंद. बेकरीवाल्या काकूंनी मोजले आणि पाच सांगितले. पडताळ्यांनी ते तपासून पाहिले नाहीत.